सतरा अंकांची टेकडी

फर्ग्युसन कॉलेजच्या मागून हनुमान टेकडीवर जाणारी वाट आम्ही दोघं दर रविवारी सकाळी चढतो, मी आणि माझी आठवीतली भाची. मागच्या रविवारी चढता चढता तिने तोंडी वर्ग करायला घेतले. ११ चा वर्ग १२१. १११ चा वर्ग १२३२१. ११११ चा वर्ग १२३४३२१. निम्म्या वाटेवर धाप लागली तशी ती थांबली आणि म्हणाली, "मामा, हे टेकडीसारखंच आहे. आधी चढायचं, मग उतरायचं. पण हे किती उंच जातं?"

नऊपर्यंत जातं. नऊ वेळा १ लिहून झालेल्या १११११११११ ला त्याच संख्येने गुणलं की ही संख्या येते:

१२३४५६७८९८७६५४३२१

हा आकार बऱ्याच जणांनी कधी ना कधी पाहिलेला असतो. 'काय गंमत आहे!' म्हणून आपण पुढे जातो. मला ती गंमत मनापासून आवडते, पण पुढे जाववत नाही. कारण ह्या संख्येचे अंक जे दाखवतात त्याहून कितीतरी जास्त तिचे मूळ अवयव सांगतात, आणि सतरा अंकी असूनही तिचे अवयव कागद-पेन्सिलीने शोधता येतात. त्या दिवशी घरी आल्यावर आम्ही तेच केलं.

आधी ती वाचायची कशी? आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. कोटीच्या पुढे गेलं की हल्ली आपण 'लाख कोटी' म्हणून भागवतो. पण भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० सालच्या ग्रंथात, एकम् पासून परार्धापर्यंत अठरा स्थानांना अठरा स्वतंत्र नावं दिलेली आहेत. ती वापरली तर आपली संख्या अशी वाचायची: १ मध्य, २ अंत्य, ३ जलधी, ४ शंकू, ५ महापद्म, ६ निखर्व, ७ खर्व, ८ अब्ज, ९ अर्बुद, ८ कोटी, ७ प्रयुत, ६ लक्ष, ५ अयुत, ४ सहस्र, ३ शत, २ दश, १. मोठ्याने म्हणून बघा. परार्धाच्या एकच पायरी अलीकडे आहे ती.

ही संख्या स्प्रेडशीटमध्ये टाकून पाहायचा प्रयत्न भाचीने केला, तर शेवटचे दोन अंक गायब होऊन तिथे दोन शून्यं आली. तिला वाटलं तिचंच काहीतरी चुकलं. तिचं काही चुकलं नव्हतं. बहुतेक स्प्रेडशीट संख्येचे पहिले पंधरा अंकच जपतात, त्यापुढे शून्यं भरतात. किराणा दुकानाच्या हिशेबाला पंधरा अंक पुरून उरतात. पण भाग जातो की नाही, हे पाहायचं असेल तर शेवटचा अंक न् अंक लागतो. म्हणून वही काढली.

हा आकार येतो कुठून, ते गुणाकार मांडला की लगेच दिसतं. १११ ला १११ ने गुणताना आपण १११ तीनदा लिहितो, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. मग उभी बेरीज करतो. उजवीकडच्या पहिल्या घरात एकच १ असतो, दुसऱ्यात दोन, मधल्यात तीन, मग पुन्हा दोन आणि एक. झालं १२३२१. नऊ एक घेतले तर मधल्या घरात नऊ १ जमतात आणि बेरीज ९ होते. कुठल्याही घरात हातचा येत नाही, म्हणून आकार शाबूत राहतो.

ह्या संख्यांना नाव आहे, आणि ते नाव देणारा माणूस ह्याच टेकडीच्या पायथ्याशी शिकला होता. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. फर्ग्युसन कॉलेजात असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं. ज्यांच्या नावाने ते पारितोषिक होतं ते र. पु. परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनिअर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले होते आणि पुढे फर्ग्युसनचेच प्राचार्य होते. कापरेकर मात्र शिक्षण संपल्यावर देवळालीला शाळामास्तर झाले आणि १९६२ पर्यंत तिथेच शिकवत राहिले. शाळा सांभाळून त्यांनी जे शोधलं ते आज जगभर त्यांच्या नावाने ओळखलं जातं. ६१७४ हा कापरेकर स्थिरांक (सगळे अंक सारखे नसलेल्या चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहिलं की शेवटी येणारा) तर शाळकरी मुलांनाही माहीत असतो. १, १२१, १२३२१ ह्या मालिकेला त्यांनी 'वंडरफुल डेम्लो' संख्या म्हटलं. डेम्लो हे नाव त्यांनी डोंबिवली स्टेशनावरून घेतलं, कारण ह्या संख्यांचा विचार त्यांना तिथे सुचला. लोकलची वाट बघताना आपण मोबाइल बघतो, तिथे कुणाला तरी हे दिसलं होतं. मला ह्या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं.

आता आत शिरू. भाग कशाने जातो?

पहिली किल्ली अंकांच्या बेरजेची. १ पासून ९ पर्यंत चढत आणि पुन्हा १ पर्यंत उतरत बेरीज केली तर ८१ येते. अंकांच्या बेरजेला ९ ने भाग जात असेल तर संख्येलाही जातो, हा नियम शाळेत पाठ केलेला असतो, पण त्यामागचं कारण अगदी साधं आहे. दहाच्या नोटेतून नऊ रुपये बाजूला काढले की एक रुपया उरतो. शंभराच्या नोटेतून ९९ काढले तरी एकच उरतो, हजारातून ९९९ काढले तरी एकच. म्हणजे नवाच्या पटी बाजूला काढल्यावर प्रत्येक नोट एका रुपयाइतकीच राहते आणि हातात उरते ती निव्वळ अंकांची बेरीज.

आपल्या संख्येला ९ नेच काय, ८१ नेही नि:शेष भाग जातो. उत्तर येतं १५२४१५७८९९७१०४१. आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांनाही नाव कापरेकरांनीच दिलं आहे: हर्षद, म्हणजे हर्ष देणारी.

पण ८१ वर थांबायचं नाही. आपली संख्या १११११११११ चा वर्ग आहे, त्यामुळे त्या नऊ एकांचे अवयव सापडले की काम झालं. वर्गात प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येणार. १११११११११ ला ९ ने भागलं तर १२३४५६७९ येतात. इथे ८ नाही, हे नीट पाहा. ह्याच संख्येला १८ ने गुणलं तर सगळे २, २७ ने गुणलं तर सगळे ३ येतात. १ भागिले ८१ करून पाहा, दशांश चिन्हानंतर ०१२३४५६७९ हेच नऊ अंक पुन्हा पुन्हा येत राहतात. असं का, ते पुढे आपोआप कळेल.

नऊ एकांचे तीन-तीनचे गट केले तर १११ १११ १११ असे दिसतात. म्हणजे ही संख्या १११ × १००१००१ आहे. आता दोन्ही तुकडे लहान झाले. १११ म्हणजे ३ × ३७. आणि १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून तीही ३ ने विभाज्य, भागाकार ३३३६६७. तर

१११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७

भाचीला ३७ ओळखीचा वाटला, कारण ३७ ला ३ च्या पटींनी गुणत गेलं की १११, २२२, ३३३ येतात हे तिने पाठ केलं होतं. ३३३६६७ मात्र अनोळखी. ती म्हणाली, "ह्याचे अजून तुकडे होत असतील ना?"

हा लेख मी खरं तर ह्या प्रश्नासाठी लिहितोय.

एखादी संख्या मूळ आहे का, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही ना, हे तपासायला तिच्या वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागतं. त्यापुढे जायची गरज नसते, कारण दोन अवयवांपैकी एक तरी वर्गमूळाच्या आत असतोच. ५७७ चा वर्ग ३३२९२९ आणि ५७८ चा ३३४०८४, तेव्हा आपल्याला ५७७ पर्यंत जावं लागणार. तिथपर्यंत १०६ मूळ संख्या आहेत. एकशे सहा भागाकार! भाचीचा चेहरा पडला.

पण इथे आवर्ती दशांश मदतीला येतात. आठवीच्या पुस्तकात परिमेय संख्या दशांशात लिहायला शिकवतात आणि मुलं तो धडा कंटाळत पार करतात. त्यात केवढं सामर्थ्य आहे ते आता बघा.

१/७ म्हणजे ०.१४२८५७१४२८५७... इथे सहा अंकांचा गट फिरतो. १/१३ मध्ये ०७६९२३ हा सहा अंकांचा. १/३७ मध्ये ०२७, तीन अंकांचा. १/४१ मध्ये ०२४३९, पाच अंकांचा. ह्या लांबीला आपण आवर्तन म्हणू. आता मूळ संख्येतून एक वजा करा: ६, १२, ३६, ४०. आणि आवर्तनं: ६, ६, ३, ५. प्रत्येक वेळी आवर्तनाने त्या वजाबाकीला नि:शेष भाग जातो. हा योगायोग नाही. २ आणि ५ सोडून प्रत्येक मूळ संख्येला हे लागू पडतं. सतराव्या शतकातल्या फर्मा ह्या फ्रेंच गणितज्ञाच्या एका प्रमेयातून ते निघतं.

दुसरी गोष्ट त्याहून सोपी. १/३७ मध्ये ०२७ फिरतं, कारण ३७ × २७ = ९९९. ज्या संख्येने ९९९ ला भाग जातो तिच्या भागाकारात तीन अंकांचा गट फिरणार. जिने नऊ नवांना भाग जातो तिच्यात नऊ अंकांचा गट फिरणार. ८१ × १२३४५६७९ = ९९९९९९९९९, म्हणून १/८१ मध्ये ते नऊ अंक दिसले.

आता समजा कुठल्यातरी मूळ संख्येने ३३३६६७ ला भाग जातो. मग तिने नऊ एकांनाही जाणार, अर्थात नऊ नवांनाही. म्हणजे तिच्या भागाकारात नऊ अंकांचा गट फिरतो. पण नऊ अंकांचा गट फिरताना आत त्याहून लहान गटही फिरत असेल, तर तो एक अंकाचा किंवा तीन अंकांचाच असू शकतो, दुसरा कुठला नवात बसत नाही. एक अंकाचा असेल तर ती मूळ संख्या ३ असणार. तीन अंकांचा असेल तर तिने ९९९ ला भाग जायला हवा, म्हणजे ती ३ किंवा ३७. पण ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, म्हणून ३ बाद. आणि ३७ × ९०१८ = ३३३६६६, बाकी १ उरते; ३७ ही बाद.

तेव्हा आवर्तन बरोबर ९ च. मग आधीच्या नियमाने ती मूळ संख्या वजा एक, ह्याला ९ ने भाग गेला पाहिजे. मूळ संख्या विषम आहे, म्हणजे वजा एक केल्यावर सम, म्हणून १८ नेच भाग गेला पाहिजे. म्हणजे उमेदवार फक्त १८ च्या पटीत एक मिळवून येणारे: १९, ३७, ५५, ७३, ९१, १०९... त्यातले मूळ तेवढे ठेवले आणि ३७ काढला तर ५७७ पर्यंत सोळाच उरतात: १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७.

एकशे सहाऐवजी सोळा भागाकार. ती बसली. १९ ने भागल्यावर बाकी ८. ७३ ने ५७. १६३ ला तिला वाटलं सापडला, पण बाकी ६ उरली. मध्ये चहा झाला. शेवटच्या ५७७ ला बाकी १६१. एकानेही भाग गेला नाही. ३३३६६७ मूळ आहे, हे तिने कुणाच्या सांगण्यावरून मानलं नाही, स्वतःच्या हाताने सिद्ध केलं.

आणि त्या युक्तिवादातून आणखी एक गोष्ट हाती लागते. ज्यांचं आवर्तन नऊ आहे अशा साऱ्या मूळ संख्यांनी नऊ नवांना भाग जायलाच हवा, आणि नऊ नवांच्या पोटात ३, ३७ आणि ३३३६६७ सोडून दुसरी मूळ संख्याच नाही. म्हणजे अनंत मूळ संख्यांमध्ये नऊ अंकांचं आवर्तन असणारी ही एकटीच. १/३३३६६७ मध्ये ०००००२९९७ फिरत राहतं. ३७ तशीच तीन अंकांच्या आवर्तनाची एकुलती एक. सगळ्या लांबींना असं नसतं. सहा अंकांच्या आवर्तनात ७ आणि १३ अशा दोन आहेत, पाचात ४१ आणि २७१. आपल्या टेकडीखाली मात्र असे एकटे दगड रचलेले आहेत: एक अंकाच्या आवर्तनाचा ३, तीन अंकांच्या आवर्तनाचा ३७, नऊ अंकांच्या आवर्तनाचा ३३३६६७.

आता आपल्या सतरा अंकी संख्येकडे परत. वर्ग असल्यामुळे तिच्यात ३ चार वेळा, ३७ दोनदा आणि ३३३६६७ दोनदा. विभाजक किती? विभाजक तयार करायचा म्हणजे ३ किती घ्यायचे ते ठरवायचं (शून्यापासून चारपर्यंत, पाच पर्याय), ३७ किती (तीन पर्याय), ३३३६६७ किती (तीन पर्याय). ५ × ३ × ३ = ४५. पंचेचाळीस विभाजक, ना एक कमी ना एक जास्त.

४५ विषम आहे. विभाजक एरवी जोडीने येतात, कारण एकाने भागलं की भागाकार म्हणून दुसरा मिळतो. पूर्ण वर्गात मात्र एक विभाजक स्वतःशीच जोडी लावतो, तो म्हणजे वर्गमूळ, इथे १११११११११. म्हणून पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषम असते. आणि ४५ स्वतः कापरेकर संख्या आहे: ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. ह्यामागे काही कारण नाही, नुसता योगायोग आहे, पण दिसल्यावर सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आपल्या संख्येने अवयव इतक्या सहज दिले ते तिच्या घडणीमुळे. अशी शिस्तशीर घडण नसलेल्या प्रचंड संख्येचे अवयव काढणं अतोनात कठीण असतं, आणि ह्या अवघडपणावरच १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन ह्यांनी आरएसए ही गुप्तलेखनाची पद्धत उभी केली. आव्हान म्हणून मांडलेल्या अशा एका २५० अंकी संख्येचे दोन अवयव २०२० मध्ये सापडले, तेही असंख्य संगणक कामाला लावून. उलट नुसतं 'मूळ आहे की नाही' एवढंच विचारायचं असेल तर ते खात्रीने आणि झपाट्याने सांगणारी पद्धत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना ह्यांनी दिली. अवयव सापडणं आणि अवयव आहेत हे कळणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला ह्या विषयातलं सगळ्यात विलक्षण सत्य वाटतं.

आता भाचीचा पहिला प्रश्न. नऊच्या पुढे काय होतं? दहा एकांचा वर्ग करा: १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या घरात दहा एक जमले, हातचा आला आणि शिखर कोसळलं. ती हळहळली. पण मोडलं ते फक्त लिहिण्यातलं रूप. आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून टेकडी दिसते आणि दहा झाले की मोडते. संगणक दोनच अंकांनी मोजतो, त्याला ही टेकडी मुळात दिसतच नाही. अवयव मात्र कुठल्याही पद्धतीने लिहा, तेच राहतात. दहा एकांच्या पोटात ११, ४१, २७१ आणि ९०९१ आहेत, त्यांची आवर्तनं २, ५, ५ आणि १०, सगळ्यांनी दहाला भाग जातो. वरून टेकडी ढासळली तरी खालची शिस्त तीच.

"आणि अकरा एक घेतले तर?" तिने विचारलं. मी म्हटलं, अकरा ही मूळ संख्या, तेव्हा आवर्तन अकराच असणार, म्हणून उमेदवार २२ च्या पटीत एक मिळवून येणारे. बाकी तू बघ. तिने वहीत नवीन पान काढलंय. २३, ६७, ८९ झाले, काल फोनवर म्हणाली की १९९ चालू आहे. पहिला अवयव २१६४९ आहे आणि दुसरा ५१३२३९. मी अजून तिला सांगितलेलं नाही.